फिल्म, काच आणि हाडाची गाठ

गुडघ्याजवळ सूज, रात्री ठणका, आणि घरच्यांचं ठरलेलं उत्तर: 'खेळताना पडला होता.' हाडाच्या गाठीची कितीतरी प्रकरणं आजही अशीच सुरू होतात. एक्स-रेवर मग गाठीच्या कडेला कधी बारीकसा त्रिकोण दिसतो. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीने हाडावरचं आवरण उचललेलं असतं आणि त्या कोपऱ्यात नवं हाड धरलेलं असतं. हा 'कॉडमनचा त्रिकोण'. तो कधीकधी हाडाच्या जंतुसंसर्गातही दिसतो, म्हणून त्यावरून लगेच निकाल देऊन चालत नाही.

'ऑस्टिओसार्कोमा', म्हणजे हाडाचा एक कॅन्सर, हा शब्द १८०५ सालचा, फ्रेंच सर्जन बॉयर यांचा. १८७९ मध्ये अमेरिकन सर्जन ग्रॉस यांनी लांब हाडांच्या १६५ गाठींचा अभ्यास मांडला. पण एक्स-रे आला १८९५ मध्ये. तोवर सगळा भरवसा हाताच्या स्पर्शावर आणि कापून काढलेल्या अवयवावर.

बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन हे हट्टी गृहस्थ. ऑपरेशननंतर रुग्णाचं पुढे काय झालं ते तपासा, असा त्यांचा धोशा. १९१५ मध्ये भरसभेत सहकाऱ्यांची खिल्ली उडवणारं व्यंगचित्र दाखवून त्यांनी रोषही ओढवून घेतला. याच माणसाने १९२० मध्ये हाडांच्या सार्कोमाची नोंदवही सुरू केली. ठिकठिकाणच्या सर्जनांकडून रुग्णाची हकिकत, एक्स-रेची फिल्म आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची गाठीच्या तुकड्याची काचपट्टी एकत्र मागवायची आणि जाणकारांनी ती पाहायची. यामागचं कारण साधं होतं: एकाच गाठीला दोन डॉक्टर दोन नावं देत. भरून येणाऱ्या फ्रॅक्चरमधलं कोवळं हाडसुद्धा नुसत्या काचेवर कॅन्सरसारखं भासू शकतं!

नोंदवहीच्या कामात पॅथॉलॉजिस्ट जेम्स युइंगही होते. १९२१ मध्ये त्यांनी एक वेगळीच, रेडियमने विरघळणारी गाठ वर्णिली. ती रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येते, हा त्यांचा कयास पुढे टिकला नाही, 'युइंग सार्कोमा' हे नाव मात्र टिकलं. १९९२ मध्ये तिच्यातली दोन जनुकांची जोडणी सापडली. जागतिक आरोग्य संघटनेचं हाडांच्या गाठींचं पहिलं वर्गीकरण १९७२ चं. २०२० च्या आवृत्तीत युइंगच्या शेजारी दिसायला तशाच, पण जनुकांनी वेगळ्या गाठींना स्वतंत्र जागा मिळाली.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याची, म्हणजे बायोप्सीची, गोष्ट त्याहून कडू. अमेरिकन हाडांचे सर्जन मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचे बायोप्सीचे अनुभव तपासले. ६० जणांच्या निदानात मोठी चूक होती. १५ जणांचा अवयव विनाकारण कापावा लागला होता. तेव्हापासून बायोप्सीची सुई कुठून घालायची, हे पुढचं ऑपरेशन करणारा सर्जनच ठरवतो, म्हणजे सुईची वाटही गाठीबरोबर काढून टाकता येते.