'जयप्रभा'चं आवार आणि भालजींची साठ वर्षं

२०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात 'जयप्रभा' या चित्रपट स्टुडिओच्या विक्रीविरुद्ध साखळी उपोषण सुरू झालं. बाहेरगावच्या अनेकांनी ती जागेच्या व्यवहाराची आणखी एक बातमी म्हणून वाचली. मोक्याची जमीन, जुनी इमारत, नवे मालक, स्थानिकांचा विरोध. चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांची कारकीर्द मात्र या आवारापासून वेगळी काढून सांगताच येत नाही. ती ठाऊक नसेल तर प्रकाशयोजनेवाल्यापासून रंगभूषाकारापर्यंतची माणसं रस्त्यावर का बसली, हे कळणं अवघड आहे.

मूकपटांचा काळ थोडक्यात आटोपतो. १९२५ चा 'बाजीराव मस्तानी' आणि त्यापाठोपाठचा 'वंदे मातरम् आश्रम' या सुरुवातीच्या कामांतच पुढचे भालजी दिसतात. एकीकडे मराठ्यांचा इतिहास, दुसरीकडे सरकारला खुपेल असा राष्ट्रवाद. बोलपट आल्यावर १९३२ च्या 'श्यामसुंदर'ने मुंबईत रौप्यमहोत्सव गाठला. शाहू मोडकांचा कृष्ण आणि पहिल्यांदाच पडद्यावर आलेल्या शांता आपटे लोकांनी डोक्यावर घेतल्या.

पुढे 'प्रभात' ही चित्रपट कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. गावातले कसबी लोक, सुतार, रंगारी, यंत्रं सांभाळणारे एकदम पोरके झाले. त्या पोकळीत दरबारच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली आणि तिथे भालजींनी १९३४ मध्ये 'आकाशवाणी' केला. हाच स्टुडिओ चाळीसच्या दशकात भालजींकडे आला आणि 'जयप्रभा' झाला. त्या काळी मोठे दिग्दर्शक एकतर कंपनीचे पगारी नोकर असत किंवा भागीदार. भालजी कथा, संवाद आणि दिग्दर्शन करत, 'योगेश' या नावाने गाणी लिहीत, आणि वर स्टुडिओही त्यांचाच. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक', 'महारथी कर्ण', 'वाल्मिकी', 'सासुरवास' ही सगळी जेमतेम सात-आठ वर्षांतली कामं. हा वेग एकट्याच्या प्रतिभेचा नव्हता. लोहारकाम, शिवणकाम, सेटवरचं सुतारकाम आणि जेवणावळ हे सगळं एकाच कुंपणात होतं आणि माणसं महिन्याच्या पगारावर होती. एक चित्रपट संपला की माणसं घरी जात नसत, पुढच्या चित्रपटाच्या ढाली रंगवायला बसत.

इथे 'स्टुडिओ' या शब्दाचा घोळ समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. मुंबईच्या माणसाला स्टुडिओ म्हटलं की चार भिंतींचा, वर दिव्यांच्या माच्या असलेला फ्लोअर आठवतो. भालजींच्या चित्रपटांत फ्लोअरवरचा भाग असे, पण जीव असे तो बाहेरच्या मोकळ्या जागेत. किल्ल्याचा दरवाजा, गावाची वेस, मावळ्यांचा तळ, घोड्यांची दौड हे छपराखाली होत नाही. शे-दोनशे माणसं आणि जनावरं एका वेळी वावरतील एवढी जागा लागते. गावात मंगळवार पेठेत अशी जागा हाताशी होती आणि पन्हाळा जवळ होता, म्हणून मराठी ऐतिहासिकपट कोल्हापुरात स्वस्तात आणि झपाट्याने होऊ शकला. तेव्हा स्टुडिओ म्हणजे नुसती इमारत, की अख्खं आवार? कागदोपत्री 'वास्तू' जपण्याची भाषा होते तेव्हा इमारत धरली जाते आणि मोकळी जमीन मोकळीच राहते, म्हणजे विकायला मोकळी. माझ्या मते चूक इथेच झाली. भालजींच्या कामापुरतं बोलायचं तर त्या मैदानाचं मोल भिंतींपेक्षा जास्त होतं.

घाव मात्र त्याआधीच बसला होता. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले. भालजींची हिंदुत्ववादी मतं जगजाहीर होती. 'जयप्रभा' पेटवली गेली. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. एकदा ठिणगी पडली की रिळामागून रीळ असं धडधडत जातं की पाण्याने विझत नाही. तयार झालेला 'मीठभाकर' त्या आगीत गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि १९४९ मध्ये लोकांसमोर आणला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. जळलेल्या सेटच्या राखेत उभं राहून तीच दृश्यं, तेच संवाद नव्याने घ्यायचे, आणि तेही कर्ज काढून, म्हणजे काय ते चित्रपटाच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

१९५२ चा मराठी-हिंदी 'छत्रपती शिवाजी' कर्जाच्या याच दिवसांतला. चंद्रकांत मांढरे यांचे शिवाजी महाराज आजही अनेक घरांतल्या आजोबांच्या डोळ्यांसमोर आहेत. पण नावलौकिकाने देणी फिटत नाहीत. आगीनंतरचा बोजा वाढत गेला आणि स्टुडिओ हातून जायची वेळ आली. तेव्हा, १९५९ मध्ये, तो लता मंगेशकरांनी घेतला. वडील मास्टर दीनानाथ गेल्यावर कोवळ्या वयात त्या कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत कामाला होत्या, त्यामुळे हे गाव आणि भालजी त्यांना परके नव्हते. भालजींना गावात आणि स्टुडिओत सगळे 'बाबा' म्हणत. मालकी बदलली तरी बाबांचं काम त्याच आवारात चालू राहिलं. त्या खरेदीमुळे भालजींना आणखी एक उमेद मिळाली, हे आज वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायला हवं.

त्या उमेदीतून जे आलं ते मला त्यांचं सगळ्यात भरदार काम वाटतं. 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५), 'तांबडी माती' (१९६९). या चारही चित्रपटांना संगीत होतं 'आनंदघन' यांचं, म्हणजे खुद्द लताबाईंचं. 'अखेरचा हा तुला दंडवत' हे गाणं भालजींच्या 'योगेश'चं. मला मात्र सांगावंसं वाटतं ते 'साधी माणसं'मधल्या लोहाराच्या पालाबद्दल. भट्टी, भाता, ऐरण आणि दोन माणसं, एवढाच पसारा. जयश्री गडकर भाता ओढतात, सूर्यकांत घण घालतात, आणि 'ऐरणीच्या देवा' गाण्याचा ठेका त्या घावाशी जुळतो. तलवारी आणि तटबंद्या वर्षानुवर्षं दाखवलेल्या माणसाने इथे कष्टाचं घर एवढ्या थोडक्यात उभं केलं. या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

माणसं घडवण्याचा हिशेबही याच आवारातला. सुलोचनाबाईंना 'सुलोचना' हे नाव भालजींनी दिलं. दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले ते 'तांबडी माती'त. भालजींचे चित्रपट नेमके किती, यावर मात्र याद्यांचं एकमत होत नाही. एखाद्या कामात ते लेखक असत, एखाद्यात निर्माते, एखाद्यात नाव दुसऱ्याचं आणि हात त्यांचा. स्टुडिओत वाढलेल्या दिग्दर्शकाच्या बाबतीत असा गोंधळ व्हायचाच.

१९७० नंतर मात्र धंद्याचं चित्र पालटलं. पगारी माणसांचे स्टुडिओ मोडीत निघाले, चित्रीकरण खऱ्या वाड्यांत आणि भाड्याच्या बंगल्यांत होऊ लागलं. १९८१ मध्ये भालजींचा 'गनिमी कावा' आला तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि २६ नोव्हेंबर १९९४ रोजी ते गेले.

मग जमिनीला भाव आला. आवाराचा मोठा भाग इमारतींखाली गेला. उरलेल्या भागाच्या विक्रीला विरोध झाला, वारसा यादीचा मुद्दा पुढे आला, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत फिरलं. मालकाला आपली मिळकत विकण्याचा हक्क आहे, ही एक बाजू. ही जागा चित्रीकरणाखेरीज दुसऱ्या कामाला वापरायची नाही अशी मुळातच अट होती, ही आंदोलकांची बाजू. लताबाई गेल्या त्याच महिन्यात, उरलेल्या जागेचा व्यवहार दोन वर्षांपूर्वीच झाल्याचं उघड झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाला बोलवावं न लागता माणसं फाटकाशी जमू लागली. त्यांतल्या बऱ्याच जणांचे वडील किंवा आजोबा याच फाटकातून आत जाऊन मावळ्याचा अंगरखा चढवत.