अपकृत्य कायद्यातील सुधारणा (अमेरिका)

एकाच्या निष्काळजीपणामुळे किंवा सदोष मालामुळे दुसऱ्याला इजा झाली, तर दोघांत करार नसतानाही भरपाई मिळवून देणारा दिवाणी कायदा म्हणजे अपकृत्य कायदा (टॉर्ट). अमेरिकेत १९७० च्या दशकापासून अशी भरपाई आणि दावा करण्याचा हक्क यांवर मर्यादा घालणारे अनेक कायदे झाले; त्यांना एकत्रितपणे ‘टॉर्ट रिफॉर्म’ म्हणतात. वाद वरवर विम्याच्या हप्त्यांचा आणि वकिलांच्या शुल्काचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी इजेचे मोल ज्यूरीने (खटल्यात निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) ठरवायचे की विधिमंडळाने, हा प्रश्न आहे.

ज्या हक्काला कात्री लागली, तो न्यायालयांनीच घडवलेला होता. पूर्वी माल थेट निर्मात्याकडून घेतला नसेल, तर त्याच्यावर दावा सहसा चालत नसे. १९१६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात न्या. कार्डोझो यांनी, लाकडी चाक मोडून अपघात झालेल्या बुइक मोटारीच्या प्रकरणात, मोटार विक्रेत्याकडून घेतलेली असली तरी कंपनी जबाबदार असल्याचा निर्णय दिला. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, लाकूडकामाच्या यंत्रातून उडालेला तुकडा कपाळावर बसलेल्या ग्राहकाला निर्मात्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, मालातील दोष आणि त्यातून झालेली इजा दाखवणे पुरेसे आहे, असे ठरवले.

१९७० च्या दशकाच्या मध्यास डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते भडकले आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत वेदना व मनस्तापाच्या भरपाईवर २,५०,००० डॉलरची मर्यादा घातली. उपचारांचा खर्च आणि बुडालेले वेतन यांना मर्यादा नव्हती. त्यामुळे नियम सर्वांना सारखा दिसत असला, तरी त्याचा भार सारखा पडत नाही. चुकीच्या शस्त्रक्रियेने अपंग झालेल्या अभियंत्याला उर्वरित आयुष्याचे वेतन मागता येते. तीच इजा झालेल्या निवृत्त वृद्धेच्या किंवा गृहिणीच्या दाव्यात मात्र मोठा भाग वेदनेचाच असतो आणि कात्री नेमकी तिथे लागते. महागाई कितीही वाढली तरी हा आकडा २०२२ अखेरपर्यंत जागचा हलला नाही. टेक्साससह इतर राज्यांनीही अशा मर्यादा घातल्या. अनेक प्रतिवादी असतील तर प्रत्येकाने आपल्या वाट्यापुरतेच द्यावे, दंडात्मक भरपाईला (नुकसानीखेरीज, प्रतिवादीला शिक्षा म्हणून द्यायला लावलेल्या रकमेला) कमाल मर्यादा असावी, जुन्या मालाबद्दल ठरावीक वर्षांनंतर दावाच चालू नये, हे या सुधारणांचे इतर प्रकार होत.

या चळवळीला लोकमताचे बळ मिळाले ते १९९४ च्या कॉफी खटल्याने. न्यू मेक्सिकोत उभ्या मोटारीत बसलेल्या ७९ वर्षांच्या वृद्धेने झाकण काढताना मॅकडॉनल्ड्सची कॉफी मांडीवर सांडली. एवढ्याशा कारणाने लाखो डॉलर उकळल्याची थट्टा देशभर झाली, पण थट्टेत तपशील गळून पडले. कॉफी सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सियस तापमानाला दिली जाई. कातडी खोलवर भाजल्याने वृद्धेला आठ दिवस रुग्णालयात राहून त्वचारोपण करून घ्यावे लागले. आणि दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. वृद्धेने तडजोडीसाठी २०,००० डॉलर मागितले, कंपनीने ८०० देऊ केले. ज्यूरीने तिची स्वतःची चूक २० टक्के धरून १,६०,००० डॉलर भरपाई आणि २७ लाख डॉलर दंडात्मक रक्कम दिली. न्यायाधीशांनी दंडात्मक रक्कम ४,८०,००० वर आणली आणि पुढे आपसांत समझोता झाला. अतिरेकाला आवर घालण्याची सोय जुन्या पद्धतीतही होती, हे यातून दिसते.

जॉर्जिया आणि इलिनॉय येथील सर्वोच्च न्यायालयांनी २०१० मध्ये आपापल्या राज्यांतील वैद्यकीय दाव्यांवरील मर्यादा घटनाबाह्य ठरवल्या. जॉर्जियाच्या निकालाचा आधार ज्यूरीचा हक्क हाच होता. संघीय पातळीवर मात्र ग्राहकाची वाट अरुंद झाली. औषधाच्या वेष्टनावर पुरेशी सूचना नसल्याबद्दल मूळ ब्रँडच्या कंपनीवर दावा करता येतो, असे संघीय सर्वोच्च न्यायालय २००९ मध्ये म्हणाले. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने जेनेरिक उत्पादकांना या दायित्वातून मोकळे केले, कारण वेष्टनावरील मजकूर त्यांना स्वतःहून बदलता येत नाही. परिणामी औषध आणि इजा तीच असूनही, औषधविक्रेत्याने कोणती बाटली हाती दिली यावर दाव्याचे भवितव्य ठरू शकते.

भारतात दिवाणी दाव्यांत ज्यूरी नसते आणि निकालावर अवलंबून शुल्क ठरवण्यास वकिलांना मनाई आहे. अमेरिकेत जखमी व्यक्तीचा वकील बहुधा भरपाईतील वाटा घेतो, आणि सुधारणावाद्यांचा रोख त्यावरही असतो. भारतातील कायदा मात्र उलट दिशेने सरकला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष मालाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण असून ते जुलै २०२० पासून लागू आहे. मात्र इजा होतेवेळी मालाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झालेला असेल, तर विक्रेत्यावर या प्रकरणाखाली दावा चालत नाही.