साडेतीन महिन्यांची मुदतवाढ

इझार २, एम्सलांड आणि नेकारवेस्टहाइम २ या जर्मनीच्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या ३१ डिसेंबर २०२२ ला थांबणार होत्या. देशाची सुमारे ६ टक्के वीज त्यांच्याकडून येत असे. रशियाचा वायू आटला, हिवाळ्याची धास्ती वाढली आणि सरकारने त्यांना १५ एप्रिल २०२३ पर्यंत मुदत दिली.

धोरण फिरण्याची ही पहिली वेळ नव्हे. २००२ च्या कायद्याने भट्ट्यांचं आयुष्य सरासरी ३२ वर्षं ठरवलं. २०१० मध्ये मर्केल सरकारने त्यात सरासरी १२ वर्षं वाढवली. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना घडली आणि त्याच सरकारने आठ भट्ट्या कायमच्या बंद करून उरलेल्या नऊंना २०२२ ची शेवटची सीमा आखली.

पण मग साडेतीनच महिने का? कारण इंधन. या भट्ट्यांच्या गाभ्यात प्रत्येकी १९३ इंधनजुड्या असतात. युरेनियम समृद्ध करणं, त्याच्या गोळ्या बनवून नळ्यांत भरणं, त्या विशिष्ट भट्टीसाठी जुड्या बांधणं आणि गाभ्याची गणितं तपासून घेणं यात सहज वर्ष जातं. बंदच करायच्या भट्टीसाठी नव्या जुड्या कोण मागवणार!

उरलेलं इंधन ताणून वापरायची एक रीत आहे. या भट्ट्यांच्या पाण्यात बोरिक आम्ल असतं. त्यातलं बोरॉन न्यूट्रॉन गिळतं, म्हणजे युरेनियमचे अणू फोडणारे कण. इंधन झिजतं तसं बोरॉन कमी करत नेतात. ते जवळजवळ शून्यावर आलं की ही सोय संपते. मग सुमारे ३०० अंशांचं पाणी थोडं थोडं थंड होऊ देतात. गार पाणी दाट असतं, ते न्यूट्रॉनांचा वेग जास्त चांगला मंदावतं, मंद न्यूट्रॉन अणू सहज फोडतात आणि विखंडनाची (अणू फुटत राहण्याची) साखळी टिकते. किंमत अशी की वाफेचा दाब घटतो आणि वीज रोज साधारण अर्ध्या टक्क्याने उतरत जाते.

या अवस्थेत भट्टी अचानक थांबली तर खरी पंचाईत. थांबल्यावर इंधनात झेनॉन-१३५ हे वायुरूप मूलद्रव्य साचतं, तेही न्यूट्रॉन खातं, आणि ते विरेपर्यंत एक-दोन दिवस थांबावं लागतं, कारण त्याची भरपाई करायला काढून टाकण्याजोगं बोरॉनच उरलेलं नसतं. इझार २ मध्ये झडपांची गळती सापडली, तेव्हा दुरुस्ती ऑक्टोबरमध्येच उरकावी लागली. नोव्हेंबरमध्ये थांबवली असती तर झिजलेल्या इंधनावर ती पुन्हा पेटलीच नसती. नेकारवेस्टहाइममध्ये वर्षअखेरीस भट्टी उघडली आणि आधी वापरलेल्याच जुड्यांची नवी मांडणी करून ती जानेवारीत चालू केली. जुगाडच तो, फक्त काटेकोर गणिताचा.

बंद झाल्यावरही ‘पुन्हा सुरू करा’ ही मागणी थांबलेली नाही. पण इझार २ ला मार्च २०२४ मध्ये मोडणीचा परवाना मिळाला. मोडणीत आधी नळ्यांच्या आत चिकटलेला किरणोत्सारी गंज रसायनांनी धुऊन काढतात, म्हणजे कापणाऱ्या कामगारांना किरणोत्साराची मात्रा कमी बसते. इथवर परतीची वाट निदान कागदावर तरी असते. मुख्य पंप आणि वाफजनित्रं कापायला घेतली की तीही उरत नाही.