गिरणीतील बदली कामगार : एका मागणीची पार्श्वभूमी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरते घेतल्या जाणाऱ्यांना, कायम करावे, हीही त्यातली मागणी होती. संपाविषयी बोलताना ती सहसा मागे पडते.

कावसजी दावर यांची गिरणी, मुंबईतली पहिली कापड गिरणी, १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे रत्नागिरी, साताऱ्याकडून माणसे गिरण्यांत आली, तरी गावची जमीन आणि कुटुंब त्यांनी सोडले नाही; पेरणीला, शिमग्याला, लग्नकार्याला ती गावी जात आणि अनेकदा परतणे लांबे. रिकाम्या जागा मग रोज सकाळी दाराशी थांबलेल्या बदली कामगारांमधून भरल्या जात. मालक यासाठी गैरहजेरीकडे बोट दाखवत, पण कारण तेवढेच नसावे. बाजार मंदावला की बदल्यांना दारातूनच परत पाठवता येई आणि कोणाला काढून टाकल्याचा बोभाटाही होत नसे.

कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. खात्यातल्या कामावर देखरेख करणारा हा माणूस भरतीही करी आणि त्यासाठी दस्तुरी, म्हणजे कामगाराकडून पैसे, घेई. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे, म्हणजे देखरेख करणाऱ्या बाईकडे, असे. अर्थात जॉबरची सत्ता निरंकुश नव्हती. हवी तेव्हा माणसे उभी करायची तर चाळीत आणि खानावळीत त्याचा शब्द चालावा लागे, त्यामुळे संपाच्या वेळी कधी कधी तो कामगारांच्याच बाजूला दिसे.

शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये भरतीचे काम जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत ठरावीक लोकांना बदली कार्डे देऊन रोजच्या जागा त्यांच्यातूनच भरण्याची योजना आली. जॉबरचा हात त्यामुळे काहीसा आखडला. बदलीपण मात्र संपले नाही, उलट त्याला रीतसर कागद मिळाला.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच प्रातिनिधिक संघटनेला दिला आणि कापड गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. ज्या बदल्यांचा या संघावर विश्वास नव्हता, त्यांना आपले गाऱ्हाणे मालकापुढे नेण्याचा दुसरा अधिकृत मार्ग उरला नाही. १९८२ मध्ये बदल्यांना कायम करण्याच्या मागणीबरोबरच हा कायदा रद्द करण्याची मागणी पुढे आली, ती यामुळेच.