आधी छापेल त्याचा डायनोसॉर

प्राण्याच्या नावावर हक्क सांगताना हाड आधी कोणाला सापडलं याला महत्त्व नसतं. वर्णनासह नाव आधी कोणाचं छापून आलं, एवढंच पाहतात. अमेरिकेतल्या एडवर्ड ड्रिंकर कोप आणि ऑथ्निएल चार्ल्स मार्श या दोन जीवाश्मशास्त्रज्ञांच्या वैराचे किस्से पुष्कळ सांगितले जातात. पण त्या वैराला धार आणली ती अग्रक्रमाच्या या रुक्ष नियमाने.

मार्श येल विद्यापीठात प्राध्यापक होता. तिथलं संग्रहालय त्याच्या धनाढ्य मामाच्या, जॉर्ज पीबडीच्या पैशातून उभं राहिलं. गावातच, न्यू हेवनला, निघणारं ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स’ त्याच्या हाताशी होतं. फिलाडेल्फियाच्या कोपने 1877च्या सुमारास ‘अमेरिकन नॅचरॅलिस्ट’ या मासिकाची भागीदारीच विकत घेतली. त्याचे हयातभराचे लेख बाराशेहून अधिक भरतात.

वैर खरं पेटलं ते 1877 मध्ये. कोलोरॅडोतल्या मॉरिसन गावाजवळ आर्थर लेक्स या शिक्षकाला प्रचंड हाडं सापडली. मार्शचं उत्तर लवकर येईना, म्हणून त्याने काही हाडं कोपलाही पाठवली. हे कळताच मार्शने 100 डॉलर धाडले आणि गुप्तता राखायला सांगितलं. कोपने वर्णन लिहायला घेतलं होतं, तरी ती हाडं त्याला मार्शकडे रवाना करावी लागली.

त्या हाडांना मार्शने घाईघाईने ‘टायटॅनोसॉरस’ नाव दिलं, आणि तिथे त्याला आडवं आलं जबलपूर. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या स्लीमनने 1828 मध्ये तिथे गोळा केलेल्या हाडांवरून रिचर्ड लायडेकर या ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञाने 1877 मध्येच, मार्शच्या आधी, हेच नाव छापलं होतं. मार्शला आपल्या प्राण्याचं बारसं पुन्हा करावं लागलं : ‘अ‍ॅटलँटोसॉरस’. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या हाडांनाही लायडेकरने पुढे याच वंशातली वेगळी जाती म्हणून नाव दिलं. पण या नावांचा आधार होता शेपटीच्या मणक्यांचा आकार, पुढून खोलगट आणि मागून गोल फुगीर. हा आकार अशा डायनोसॉरांच्या गटातल्या कितीतरी प्राण्यांत आढळू लागला, आणि 2003 मध्ये लायडेकरची दोन्ही भारतीय नावं संशयास्पद ठरली.

वायोमिंगमधल्या कोमो ब्लफ इथल्या हाडांची बातमी युनियन पॅसिफिक रेल्वेच्या रीड आणि कार्लिन या दोन नोकरांनी मार्शला खोट्या नावांनी कळवली. मार्शने चेकही त्याच नावांवर पाठवला, त्यामुळे तो वटेना! पुढे कार्लिन कोपच्या बाजूला गेला. खाणीत राहिलेली हाडं दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून रीडने ती फोडून टाकल्याची नोंद आहे.

या धांदलीत एक गोष्ट मात्र टिकाऊ निघाली. तडकलेलं हाड दगडातून सरळ उपसलं तर हातात चुराच येतो. 1876 मध्ये कोपबरोबर मोंटानात काम करताना चार्ल्स स्टर्नबर्ग या जीवाश्म गोळा करणाऱ्याने शिधा म्हणून आणलेला तांदूळ शिजवून खळ केली आणि तिच्यात भिजवलेलं कापड हाडांभोवती गुंडाळलं. आज खळीच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस आलं, रीत तीच. आधी हाडाची फक्त वरची बाजू उघडी करायची. मग भोवती चर खणून हाड दगडाच्या ओट्यावर उभं राहू द्यायचं. त्यावर ओला टिश्यू पेपर, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरलात तर प्रयोगशाळेत प्लास्टरबरोबर हाडाचे पापुद्रे निघतात. थर सुकला की ओटा खालून कोरून गठ्ठा एका झटक्यात उलटवायचा आणि दुसरी बाजू बांधायची. खालचं कोरणं कमी पडलं, तर उलटवताना हाड नेमकं मधोमध मोडतं.

खणण्यातली काळजी लिहिण्यात मात्र नव्हती. 1877 मध्ये मार्शने ‘अ‍ॅपॅटोसॉरस’ जाहीर केला, 1879 मध्ये कोमो ब्लफचा ‘ब्रॉन्टोसॉरस’. पहिल्याच्या कंबरेशी एकजीव झालेले मणके त्याने तीन मोजले, दुसऱ्याचे पाच. फरक दिसला, नवं नाव दिलं. पण पहिला सांगाडा न वाढलेल्या प्राण्याचा होता. हे मणके वयानुसार एकमेकांना जुळत जातात, म्हणजे मार्शने मोजलं ते वय! एल्मर रिग्ज या जीवाश्मशास्त्रज्ञाने 1903 मध्ये हे दाखवल्यावर नियमानुसार आधीचं नाव राहिलं आणि लोकांचं लाडकं ‘ब्रॉन्टोसॉरस’ बाद झालं. 2015 मध्ये 477 शारीरिक लक्षणं ताडून पाहणाऱ्या अभ्यासाने ते वेगळ्या पुराव्यावर परत आणलं. सगळ्यांना ते अजून पटलेलं नाही.

घाईची दुसरी बाजू म्हणजे न उघडलेली खोकी. कोमो ब्लफहून 1879 मध्ये आलेला एक सांगाडा कोपने कधी सोडवलाच नाही. पैशांच्या चणचणीमुळे त्याने आपला संग्रह न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला विकायला काढला, आणि 1897 मध्ये तो वारला. ती खोकी 1903 मध्ये उघडली. आत अ‍ॅलोसॉरसचा तोवरचा जवळजवळ सर्वांत पूर्ण सांगाडा होता. मार्शने 1877 मध्ये ‘अ‍ॅलोसॉरस’ हे नाव दिलं होतं ते थोड्याशा तुकड्यांवरून, आणि आज त्या सांगाड्याखालच्या पाटीवर तेच आहे.