नखांवरचे पांढरे ठिपके आणि कॅल्शियम

‘नखावर पांढरा ठिपका म्हणजे कॅल्शियम कमी, गोळ्या घ्या, नखं टणक होतील’ हा मेसेज बोटांनी गिटार वाजवणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं, त्यात कॅल्शियम अगदी नाममात्र. ठिपका बहुधा नखाच्या मुळाशी लागलेल्या बारीकशा माराचा. पडताळा सोपा आहे: ठिपक्याचं मुळापासूनचं अंतर मोजा, महिन्याने परत मोजा. गोळी न घेताही तो साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकलेला दिसेल.

नख तुटतं ते धुण्याभांड्यांच्या पाण्यात फुगून-सुकून, नाहीतर गिटारच्या स्टीलच्या तारेत खरखरीत कड अडकून. सांगली-साताऱ्यात हार्डवेअरच्या दुकानात ६०० नंबरचा वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर) मिळतो. तो कोरड्या नखाच्या कडेवर एकाच दिशेने फिरवा. रात्री थेंबभर खोबरेल. नेलकटर मात्र नको, त्याने कड चिरते.