गोठवलेला भ्रूण जुना झाला की 'शिळा' होतो?

नाही. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी उपचार) करणाऱ्या जोडप्यांच्या मनात हा समज घट्ट बसलेला असतो. भ्रूण ज्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवतात, तिथे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. तिथे पेशीतल्या रासायनिक क्रिया जवळपास थांबतात, मग खराब व्हायचे कशाने? अमेरिकेत १९९२ साली गोठवलेल्या भ्रूणांपासून २०२२ मध्ये ओरेगॉनला जुळी जन्मली.

धोका असतो तो नायट्रोजनच्या आत जाताना आणि बाहेर येताना. पेशीतल्या पाण्याचे स्फटिक झाले की पेशीचे पटल (आवरण) फाटते. म्हणून आजच्या व्हिट्रिफिकेशन (स्फटिक न होऊ देता काचेसारखे झटपट गोठवणे) पद्धतीत भ्रूण आधी इथिलीन ग्लायकॉल आणि डीएमएसओ या गोठणरोधक रसायनांच्या सौम्य द्रावणात सुमारे १०-१५ मिनिटे ठेवतात. मग तीव्र द्रावणात, पण जेमतेम मिनिटभर, कारण ते विषारीही असते. लगेच पातळ पट्टीवर, मायक्रोलिटरभरही नसलेल्या थेंबात, थेट नायट्रोजनमध्ये.

बाहेर काढताना हळूहळू वितळवणे सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. पट्टी क्षणात ३७ अंशांच्या साखरेच्या द्रावणात बुडवावी लागते. रेंगाळलात तर वाटेत स्फटिक होतात. ही साखर (सुक्रोज) पाणी एकदम आत घुसून पेशी फुगू देत नाही.

टाकीत नायट्रोजन वेळच्या वेळी भरणे मात्र अनिवार्यच. भारतात सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने साठवणुकीची मर्यादा १० वर्षे आहे, तिला भ्रूणाची 'एक्स्पायरी डेट' समजू नये. यशाचा अंदाज बांधताना बीजांडे काढली तेव्हाचे स्त्रीचे वय विचारा. टाकीतली वर्षे नव्हे.